चिकाबद्दल तुम्ही विचारलं होतंत

आई,

परवा आम्ही फेल्डहोवनला परत आलो. तुमचे दिवस झाले, सुनंदाताईंनी घराला कुलूप लावून किल्ली शेजारी दिली आणि आम्ही निघालो. विमानात महेश खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी मात्र साऱ्या प्रवासात मनातल्या मनात बोलत होते, आणि ते तुमच्याशीच. आपली सून गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे तुम्हीच साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतंत. तेव्हा आता ऐकून घ्या.

तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. मला ते येत नव्हतं असंही नाही. पशुवैद्यकाच्या परीक्षेत पानभर लिहून मार्क मिळवलेलं उत्तर होतं ते. पण हात गुंतलेले होते, तोंड मोकळं होतं, आणि जे पटकन आलं ते मी बोलून गेले. तुम्ही ते पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलंत आणि शेवटपर्यंत सोडलं नाहीत. मला हे कळलं तुम्ही गेल्यावर.

गावात सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. किती कष्ट केले, किती माणसं जोडली, कुणाला रिकाम्या पोटी पाठवलं नाही. सगळं खरं असेल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुम्ही येता त्या इथल्या. नऊवारीवर महेशचं जुनं जॅकेट, पायांत गोठेवाल्या मारियानचे रबरी बूट, आणि तोंडाने अखंड चाललेली माझ्या कामाची उलटतपासणी.

तुम्ही इथे आलात तेव्हा आमची इरा चार वर्षांची होती. महेश सकाळी सायकल काढून कंपनीत जायचा, इरा शाळेत, आणि तुम्ही खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघायचात. आठवडाभरात कंटाळलात. "ह्या गावात माणूस माणसाला हाक मारत न्हाई," असं म्हणालात, आणि ते काही खोटं नव्हतं. मग मी तुम्हाला माझ्याबरोबर मारियानच्या गोठ्यावर न्यायला लागले. माझी पदवी इथे चालत नव्हती. ती चालावी म्हणून डचमध्ये परीक्षा द्यायच्या होत्या, आणि तोवर मी मारियानकडे वासरं सांभाळत होते. आमच्या ओळखीतल्या इंजिनियरांच्या बायकांना हे सांगताना मला जरा कानकोंडं व्हायचं. तुम्हाला नाही झालं. उलट तुम्ही फोनवर ताईंना ऐटीत सांगितलंत, "अनघा हितं गाईंच्या बाळंतपणाची डॉक्टर हाय."

मारियानला मराठी येत नव्हती आणि तुम्हाला डच. तरी दोघींचं जमलं. पहिल्याच दिवशी तुम्ही कनवटीची कुंकवाची डबी काढून एका गाईच्या कपाळावर बोट टेकवलंत. मारियानने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडे लेकुरवाळीचा मान असतो. त्यावर तिने तुम्हाला हाताला धरून पुढच्या गाईपाशी नेलं. बिचारीला वाटलं, एकीला लावलं तर सगळ्यांनाच लावायला हवं.

आणि खरवस! दुसऱ्या धारेचा जास्तीचा चीक मारियानने मला बरणीभर दिला, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गूळ, वेलची, जायफळ, आणि कुकरची शिट्टी काढून ठेवून वाफवलेले डबे. त्या शनिवारी आमच्या घरी अर्धं मराठी फेल्डहोवन लोटलं. चायना ग्रास घालून केलेल्या खरवसावर भागवणारी पुण्याची पोरं ताटल्या बोटांनी पुसून खात होती आणि तुम्ही सोफ्यावर राणीसारख्या बसला होतात. कुणीतरी विचारलं, "आजी, इथल्या गाईच्या चिकाला आपली चव आहे का हो?" तुम्ही म्हणालात, "चव हाय. पण लई पाणी पिती ही गाय." सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त तुम्ही स्वतः. तुम्ही खाल्लेला तो शेवटचा खरवस होता, हे मला आत्ता कुठे जुळतं आहे.

कारण त्याच्या पुढच्याच रविवारी एक पहिलारू गाय व्याली.

सकाळची वेळ होती. कालवड झाली, काळीपांढरी, कान लोंबते. मारियानच्या पद्धतीप्रमाणे मी तिला पुसून आईपासून उचलून वेगळ्या कप्प्यात आणलं. गाय हंबरायला लागली आणि तुमचा पारा चढला. जन्मलं नाही तोच आईपासून तोडता, कुठं फेडाल हे पाप! त्या वादात मी तुम्हाला रोगराईची कारणं दिली. गोठ्यातल्या जुन्या आजारांपासून लेकराला लांब ठेवायचं असतं, वगैरे. तुम्हाला ती एक टक्काही पटली नाहीत. खरं सांगू? मलाही सगळी पटत नाहीत. पण तुमच्यापुढे हार मानायची नाही असा माझा पणच होता जणू.

मग मी गाईचा पहिला चीक काढला. आमच्याकडे एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते. तिच्या काचेवर चिकाचा थेंब ठेवून उजेडाकडे धरलं की तो किती दमदार आहे ते दिसतं. त्या दिवशीचा पातळ होता. पहिलारूंचा कधीकधी असतो. म्हणून मी त्यात पावडर ढवळायला घेतली.

"हे काय टाकतीस?"

"चिकाचीच पावडर आहे आई. दुसऱ्या गाईंच्या चिकाची. हिचा हलका आहे, त्याला जोड द्यायची."

"पहिल्या घोटाला पावडर? अगं, दूध हाय का भज्याचं पीठ?" आणि लगेच पुढचं. "आनि वार कुठं पडलीय अजून? वार पडायच्या आधी पाजलं तर वार वर चढती. गाय हातची जाती."

"उलट आहे. धार काढली की वार लवकर पडते."

"मग आमच्या शंभर पिढ्या काय येड्या व्हत्या?"

"शंभर पिढ्यांत किती वासरं मेली, ते कुणी बघितलं?"

हे मी बोलले. चेष्टेत नव्हे, तावातावानं बोलले. आणि मला वाटलं, आता लोखंड गरम आहे, घाला घाव. कालवडीला गुडघ्यांत धरून, तिच्या तोंडात बाटलीचं रबरी बोंड देत मी तुम्हाला माझं आवडतं व्याख्यान दिलं. वासरू जन्माला येतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं काही म्हणता काही नसतं. गाईची वार, आमच्या पुस्तकातली प्लासेंटा, तसलं काही पोटातल्या वासराला पोचूच देत नाही. ते अगदी रिकामं येतं. जे मिळायचं ते सगळं चिकातून. आणि तेही पहिल्या काही तासांतच. तोवर आतड्याचं दार उघडं असतं, मग मिटतं. म्हणून वारेची वाट बघत बसायचं नाही, आणि चीक हलका असला तर जोड द्यायची. नाहीतर वासरू वरून धडधाकट दिसतं आणि आठवडा दोन आठवड्यांत हगवणीनं नाहीतर तापानं जातं.

कालवड चुरूचुरू पीत होती. तुम्ही कप्प्याच्या लोखंडी दांडीला धरून उभ्या होतात. मग विचारलंत, अगदी हळू.

"बाईच्या लेकराचं बी असंच असतंय?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांचं सारखंच."

तुम्ही आणखी एकदा विचारलंत. "दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पाजलं, तर काहीच उपेग न्हाई?"

"नाही. दार बंद."

वर मानही केली नाही मी. केली असती तर तुमचा चेहरा दिसला असता. कालवडीने बाटली संपवली, मी तिची पाठ थोपटली आणि वळून बघते तर तुम्ही पेंढ्याच्या गठ्ठ्यावर जाऊन बसलेल्या. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, पटलं एकदाचं. संध्याकाळी जेवताना मी महेशला मीठमसाला लावून सगळं सांगितलं. "आज तुझ्या आईने शस्त्रं खाली ठेवली." तो हसला. तुम्ही इराला भात भरवत होतात. इरा तुमच्याशी डचमध्ये काहीतरी बडबडत होती आणि तुम्ही नेहमीसारखं तिला मराठीत उत्तर दिलं नाहीत, एवढं मात्र आठवतं.

त्यानंतर तुम्ही बदललात. वार पडण्याचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. गाय व्याली की माझ्या आधी तुम्हीच बाटली धुवायला घ्यायचात. गोठवलेला चीक कोमट पाण्यात कसा वितळवायचा, पाणी कढत घातलं तर त्यातला जीव कसा जातो, हे तुम्ही मारियानकडून बघून बघून शिकलात. मी जरा कुणाशी बोलत थांबले तर अंगावर यायचात. "लेकरू ताटकळलंय तिथं, आनि तू हसत बसलीस!" मारियान तुम्हाला इन्स्पेक्टर म्हणायला लागली होती. मी मारे अभिमानाने सगळ्यांना सांगायचे, माझ्या सासूबाई म्हणजे माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी.

पण चीक घरी आणला की तुम्ही वळून बघायचा नाहीत. दुसऱ्या वेळी मारियानने बरणी दिली तेव्हा म्हणालात, "मला नगं. तुम्ही खावा." मी चिडवलं, "हरलात म्हणून रुसलात होय खरवसावर?" तुम्ही नुसतं हसलात. ते हसू मला हल्ली झोपू देत नाही. तुम्हाला काय वाटलं असेल तेव्हा? आणि त्यावर तुम्ही हसलात कशा?

गावी परतल्यावर फोनवर तुमच्या बातम्या यायच्या. शेजारची म्हैस व्याली, वार पडायच्या आत रेडकाला पाजलं. वरच्या आळीत कुणी ऐकेना, तर तिथे जाऊन बसलात. मी खूश व्हायचे. म्हणायचे, आई, तुम्हाला पगार चालू करायला पाहिजे. आपण इतकं बोललो, पण त्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट राहून जात होती आणि ती तुम्हाला एकटीला ठाऊक होती.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या शेवंताकाकू आल्या. काखेत नातू. मला म्हणाल्या, "ह्याच्या जन्माला तुझी सासू दवाखान्यात दाराशी बसून व्हती. कुनाला मध चाटवू दिला न्हाई. म्हनली, पयलं दूध पोराच्या पोटात गेल्याबिगर मी उठत न्हाई." मला भरून आलं. पण गुरांवरून तुम्ही माणसांच्या बाळंतपणाकडे कधी वळलात, ते काही उमगेना. मी ताईंना विचारलं. आम्ही दोघी घरामागच्या परड्यात भांडी घासत होतो. ताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तुला माहीत नाही ना? मलाही नव्हतं. तुमच्याकडून आल्यावर आईने सांगितलं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बारसंसुद्धा झालं नव्हतं तिचं. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, पिवळं दूध बाळाला बाधतं, पिळून टाक. तुम्ही वाटीत पिळलंत आणि ह्याच परड्यात ओतलंत. बाळाला घरचे गुळाचं पाणी देत राहिले. मग ताप आला, आणि ती गेली. तुम्ही त्या वेळी अठरा-एकोणीसच्या असाल. इतकी वर्षं तुम्ही ते देवाची मर्जी म्हणून सोसलं होतंत. इथून गेल्यावर ताईंना म्हणालात, "सुनंदा, माझ्याच हातनं गेली गं ती. अनघा शिकलेली हाय, ती खोटं कशाला सांगंल?"

मी ताईंना विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"शपथ घातली होती तिने. म्हणाली, अनघाला वाईट वाटंल."

आई, मला तुमचा राग येतो. हो, येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही सोळा आणे चुकलात. भज्याच्या पिठावरून भांडता, गाईच्या पापपुण्यावरून भांडता, मीठ कमी पडलं तर दोन दिवस बोलून दाखवता, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीवर एक अक्षर नाही? मला खडसवायचं तरी. म्हणायचं, माझी पोर अशी गेली, आता तुझं पुस्तक उघड आणि नीट बघून सांग. मी बघितलं असतं. मला दोन मिनिटंही लागली नसती. तुम्ही माझ्यावर इतका विश्वास का टाकलात? वार पडण्याच्या बाबतीत टाकला नव्हतात!

कुणीतरी म्हणेल, झालं ते बऱ्यासाठीच. त्या चुकीच्या उत्तराने गावातल्या वासरांचं भलं झालं, शेवंताकाकूंच्या नातवाचं झालं. मला ते कुणी सांगू नये. ते सगळं तुम्ही मोकळ्या मनानेही केलं असतंत. तुमचा स्वभावच तसा होता, पटलं की पदर खोचायचा. त्यासाठी तुम्हाला स्वतःला दोषी धरायची काही गरज नव्हती.

काल गोठ्यावर गेले. मारियानला तुमची बातमी आधीच कळवली होती. तिने मला जवळ घेतलं आणि मग काम दाखवायला नेलं, तिची तीच पद्धत. हल्ली ती काही वासरं थोडे दिवस आईपाशी ठेवून बघते आहे. तुम्ही असतात तर "मी म्हनत नव्हते?" असं म्हणून मला सळो की पळो केलं असतंत. मी एका नव्या वासराला चीक पाजला. हात आपोआप चालले. आणि मी डोळे पुसत तिथेच तुम्हाला खरं उत्तर द्यायला लागले, मोठ्याने, मराठीत. मारियान लांब गेली.

ते इथे पुन्हा देते.

बाईच्या लेकराचं असं नसतं, आई. बाईची वार गाईच्या वारेसारखी नसते. आपण दोघी वारेवरूनच भांडत होतो आणि नेमकी तीच गोष्ट मी विसरले. गाईची वार अडवते. बाईची वार पोचवते. बाईच्या रक्तातलं रोगाशी लढणारं जे काही असतं, ते ती पोटातल्या बाळाला वारेतून देत असते, आणि शेवटच्या महिन्यांत तर भरभरून देते. ते कुणाला सांगावं लागत नाही, कुणाला अडवता येत नाही. सासूलाही नाही. तुम्ही भाकरी थापत होतात, विहिरीवरून पाणी आणत होतात, तेव्हा तुमच्या नकळत ते तुमच्या मुलीला मिळत होतं.

पहिलं दूध टाकायला नको होतं, हे खरं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते लपवणार नाही. तुम्हाला गोड बोलणं आवडायचंही नाही. ते दूध बाळाच्या कामाचंच असतं, आणि गुळाचं पाणी काही भल्याचं नसतं. पण ते टाकायला लावणाऱ्या मोठ्या होत्या आणि तुम्ही पोरसवदा होतात. आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पाजलेल्या दुधाचाही बाळाला उपयोग असतो. दार बंद होतं ते वासराचं. तेही मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.

तुम्ही विचाराल, मग गेली कशानं? मला माहीत नाही, आई. तेव्हा कुणी तपासलं नाही, आता कुणी सांगू शकणार नाही. हे "माहीत नाही" मला त्या रविवारी म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. जे माहीत आहे ते एवढंच, आणि ते मी तुम्हाला अगदी खात्रीने सांगते. ती रिकामी आली नव्हती. तुमच्याकडून घेऊन आली होती.